भिंतीवरचा उंट खरा होता

एल्महर्स्ट, न्यूयॉर्क

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

मिलिंदला आधी हे सांग आणि मग पुढचे वाच: भिंतीवरच्या तड्यांतून निघणारा त्याचा उंट खरोखरच होता. त्या उंटापायी तो दुपारी झोपायला नकार देत असे, तुझ्या सासूबाई क्वीन्समध्येही त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकीत, आणि पुण्याच्या शाळेत त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही, असे तूच मला कळवले होतेस. मी ती चित्रफीत अखेर पाहिली. ती ‘सेसमी स्ट्रीट’ या इथल्या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलीच निघाली. पावसामुळे घरात अडकलेली एक मुलगी पलंगावर पडून भिंतीकडे पाहते, तड्यांचे प्राणी होतात, ते तिला फिरायला नेतात, आणि शेवटी तड्यांचा दुष्ट धनी समोर येऊन आपल्याच दुष्टपणाने ढासळून पडतो. १९७५ च्या अखेरीस ती प्रथम दाखवली गेली, १९८० नंतर पडद्यावर आली नाही, आणि २०१३ मध्ये तिची प्रत पुन्हा उजेडात येईपर्यंत मिलिंदच्या वयाची कितीतरी माणसे ते सारे आपण स्वप्नात पाहिले की काय, असे एकमेकांना विचारत राहिली होती.

आमची प्रकृती ठीक आहे. गुडघे दुखतात, ह्यांचा रक्तदाब औषधाने आटोक्यात आहे.

हा शोध मी सुरू केला तो नातीसाठी. अन्वी आता अंक ओळखू लागली आहे, म्हणून तिला आपल्या आवडीचे ते पिनबॉलचे, म्हणजे चेंडू उडवण्याच्या खेळयंत्राचे, गाणे दाखवावे असे मनात आले. पण नव्या भागांत ते नाही आणि जुने भाग शोधू गेले तर मला सहज सापडले नाहीत. २०२२ मध्ये एचबीओ मॅक्स या ऑनलाइन वाहिनीने सुमारे २०० जुने भाग एका झटक्यात काढून टाकले होते, हेही मला तेव्हाच कळले. तुला आठवते ना, चॅनल १३ वर ते गाणे लागले की तू पोळी तव्यावर टाकून बाहेर येत असस? पॉइंटर सिस्टर्स या गायिका बारापर्यंत अंक गात आणि चेंडू त्या यंत्रातल्या अद्‌भुत शहरांतून धावत सुटे. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेफ हेल यांनी १९७७ मध्ये २ ते १२ या अंकांच्या अकरा फिती केल्या; १ या अंकाची केलीच नाही. तेव्हा आपली पैज मीच जिंकले, आणि बटाटेवडे तुझ्याकडे बाकी आहेत.

दुसऱ्या भांडणात मात्र तुझेही म्हणणे खरे होते. ‘हे शिक्षण नव्हे, ही जाहिरात आहे,’ असे तू तावातावाने म्हणायचीस. मुलांना बिअरच्या जाहिरातींची गाणी तोंडपाठ होतात, मग त्याच तंत्राने अक्षरे आणि अंक का शिकवू नयेत, या विचारातूनच जोन गँझ कूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हा कार्यक्रम उभा केला. आजचा भाग अमुक अक्षराच्या सौजन्याने, असे शेवटी सांगत, ते त्यामुळेच. पण सुमन, जाहिरात मुलाकडून काही घेण्यासाठी येते. ही फीत त्याला काही देण्यासाठी येत होती. यावर मी आजही तुझ्याशी भांडायला तयार आहे.

मला खरे दुःख आहे ते निरनिराळ्या हातांचे. त्या एका तासात किती जणांची रेषा मुलांना दिसत असे! टी कॉलिन्स यांची वांडा चेटकीण, हबली दांपत्याचे कोवळे, थरथरते रंग, बड लकी यांच्या बारा लेडीबग किड्यांची सहल. हेच लकी पुढे पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत गेले आणि ‘टॉय स्टोरी’तला वुडी त्यांनी रेखाटला. छोटे स्टुडिओ, एकेकटे चित्रकार, प्रत्येकाची चाल वेगळी. तीन वर्षांच्या मुलाला त्यांची नावे कळत नव्हती; पण चित्र अनेक तऱ्हांनी काढता येते, ही जाणीव त्याच्या डोळ्यांत आपोआप उतरत होती. मिलिंद आज नकाशे काढतो, त्याचे थोडे श्रेय मी त्या उंटाला देते.

हे तुकडे कोणी आकसाने काढले असे मी म्हणणार नाही. मुलांचे लक्ष क्षणभरच टिकते, या समजुतीवर मुळात तुकड्यांची रचना बेतलेली होती. पुढे संशोधनात दिसले की लहान मुलेही एक गोष्ट दीर्घकाळ ऐकू शकतात. दर्शकही वयाने लहान होत गेले. १९९८ मध्ये एल्मो या लाल बाहुल्याचा लांबलचक विभाग आला, २००२ मध्ये सगळी मांडणी बदलली, २०१६ पासून एचबीओवर भाग अर्ध्या तासाचा झाला, आणि आता नेटफ्लिक्सच्या काळात ११ मिनिटांची एकच गोष्ट मध्यभागी असते. प्रत्येक निर्णयाला कारण होते, आणि प्रत्येक वेळी जागा गेली ती या फितींची.

जुने भाग नष्ट झालेले नाहीत, याचा मला आनंद आहे. जवळपास ४,५०० भाग सार्वजनिक प्रसारणाच्या अमेरिकी संग्रहाला दिलेले आहेत आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन ते पाहता येतात. पण चार वर्षांची मुलगी अभ्यासिकेत अर्ज करून बसणार आहे का? सुट्या फिती इंटरनेटवर सापडतात, त्याही ज्याला काय शोधायचे ते ठाऊक आहे त्यालाच. आणि डीव्हीडीवर पहिल्या वर्षांचे भाग काढले तेव्हा ते प्रौढांसाठी आहेत, आजच्या बालकांना कदाचित मानवणार नाहीत, अशी सूचना त्यांवर घातली होती. ज्यांच्यासाठी काढले, त्यांनाच सोडून सर्वांसाठी जपलेले! तू भारतात परत गेल्यावर दूरदर्शनवर ‘एक अनेक और एकता’ लागायचे, विजया मुळे यांचे, वसंत देसाईंच्या संगीताचे. ते कोणी शोधून पाहिले नाही. दोन कार्यक्रमांच्या मध्ये अवचित यायचे, म्हणूनच एका पिढीला पाठ झाले. मुलांच्या वाट्याचे हे अवचितपण गेले, हे मला सहन होत नाही, आणि इथे ज्याला त्याला सांगितले की लोक ‘सगळे आहे की यूट्यूबवर’ म्हणून विषय संपवतात.

तुझ्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे काय ठरले? भाड्याच्या घरात जिना चढावा लागू देऊ नकोस. शर्वरीच्या प्रबंधाचे ऐकून फार बरे वाटले. मिलिंदला माझा ईमेल दे. उंटाची फीत मी त्याला थेट पाठवते, आणि त्याच्या मुलांनी ती पाहिल्यावर काय म्हटले ते त्याने मला सविस्तर कळवावे. भावोजींना नमस्कार.

तुझी,
वसुधा