धसका हा हृदयाचाही आजार असतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीचे यजमान अचानक गेले. तिसऱ्या दिवशी मावशीच्या छातीत दुखू लागले आणि तिला धाप लागली, तेव्हा घरात जमलेल्या बहुतेकांनी ‘तिने धसका घेतलाय, जरा पडू दे’ असे म्हणून दोन तास घालवले. तालुक्याला काढलेला ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यासारखा होता. पुढच्या रुग्णालयात इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, यंत्र होते, परंतु रात्री ते हाताळणारे कोणी नव्हते. अखेर गोव्यात अँजिओग्राफी झाली, तेव्हा एकही रक्तवाहिनी तुंबलेली आढळली नाही. इकोमध्ये मात्र हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक फुगून निश्चल झालेले दिसले.

या विकाराला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. जपानी मच्छीमार अष्टपाद पकडण्यासाठी समुद्रात जे अरुंद गळ्याचे, खाली फुगीर मडके सोडतात त्याचे हे नाव. १९९० साली तेथील डॉक्टरांनी हृदयाचा हा आकार पाहून ते दिले. तीव्र दुःख, भीती किंवा मोठे आजारपण यांमुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो आणि हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो. दहांतील सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात, त्याही बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या. हृदयाची शक्ती साधारणतः काही आठवड्यांत परत येते. पण आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरातले चार-पाच जण दगावतात, म्हणून ‘मनाचे आहे, होईल बरे’ असे समजून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

मावशीचा रक्तदाब फार खाली गेला होता आणि फुप्फुसांत पाणी भरले होते. अशा वेळी इको किती मोलाचा असतो, हे मला तिथल्या डॉक्टरांनी समजावले. काही रुग्णांत टोक निकामी होते, पण तळाचा भाग जोराने आकसतो आणि रक्त बाहेर पडण्याची वाटच अरुंद होते. तिथे रक्तदाब वाढावा म्हणून डोब्युटामिनसारखे हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवणारे औषध दिले, तर अडथळा वाढून रक्तदाब आणखी घसरू शकतो; उलट हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारे बीटा ब्लॉकर हे औषध जपून वापरावे लागते. अडथळा नसेल तर उपचारांची दिशा वेगळी असते. फुगलेल्या टोकात गुठळी झाली तर रक्त पातळ ठेवणारी औषधे लागतात आणि काहीच साधले नाही, तर हृदयाला तात्पुरता यंत्राचा आधार द्यावा लागतो. मावशीला तो लागला नाही; दीड महिन्यानंतरच्या इकोत तिचे हृदय पूर्ववत झालेले होते.

घरी बसून, किंवा एकट्या ईसीजीवरून, हा विकार आणि खरा झटका यांतला फरक कुणालाही सांगता येत नाही. म्हणून घरात मृत्यू झाल्यावर कोणाच्या छातीत दुखले, तर त्या व्यक्तीस झटका आला आहे असेच धरून तत्काळ १०८ ला फोन करावा, ही वाचकांना विनंती. शासनाला विनंती अशी, की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील मोठ्या रुग्णालयांत इको करू शकणारी व्यक्ती रात्रीही उपलब्ध असावी. २००४ च्या निइगाता भूकंपानंतर जपानमध्ये या विकाराचे रुग्ण वाढल्याचे आढळले होते. जून २०२० चे निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आपण सोसला आहे. पुढच्या आपत्तीत मदत छावणीतील औषधांच्या पेटीशेजारी ईसीजीचे यंत्र आणि ते वाचणारा डॉक्टरही असावा.

आपली,
एक वाचक, देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग