कारवाई उघड हवी, मत गुप्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्विटरने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते निलंबित केले, तेव्हा भारतातून अनेकजण मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच पण विकेंद्रित माध्यमावर गेले. २०२३ मध्ये रेडिट या चर्चामंचाने बाहेरच्या ॲपवाल्यांना जबर शुल्क लावल्यावर रेडिटसारख्याच पण विकेंद्रित ‘लेमी’कडे तशीच रीघ लागली. या विकेंद्रित माध्यमांना एक मालक नसतो. कोणीही आपला सर्व्हर (हे माध्यम चालवणारा संगणक) उभारावा आणि इतरांशी जोडून घ्यावा, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे व ती मला मनापासून मोलाची वाटते. म्हणूनच लेमीतील एका गंभीर उणिवेकडे लक्ष वेधणे गरजेचे वाटते.

लेमीवर मॉडरेटरने (चर्चेवर देखरेख ठेवणाऱ्याने) एखादी पोस्ट काढली किंवा कोणाला बंदी घातली, तर त्याची नोंद सर्वांना वाचता येईल अशा जाहीर नोंदवहीत होते आणि कारण दिले असल्यास तेही तिथे दिसते. मोठ्या कंपन्यांनी इतका पारदर्शीपणा आजवर दाखवलेला नाही. मात्र कारवाई करणाऱ्या मॉडरेटरचे नाव सामान्य वाचकापासून लपवण्याची सोय सर्व्हरचालकाला आहे आणि कित्येक ठिकाणी ते लपवलेले असते.

पोस्ट आवडली की नावडली हे बटण दाबून सांगणाऱ्याचे, म्हणजे मत देणाऱ्याचे, नेमके उलटे आहे. ही माध्यमे ॲक्टिव्हिटीपब या प्रणालीने जोडलेली असल्यामुळे तुमचे अनुकूल वा प्रतिकूल मत तुमच्या खात्याच्या नावासकट इतर सर्व्हरवर जाते. तेथील ॲडमिन, म्हणजे सर्व्हरचालक, ते पाहू शकतो. केबिन या लेमीसारख्याच सॉफ्टवेअरवर तर मत देणाऱ्यांची यादी कोणाही वाचकाला दिसत असे. लेमीच्या पडद्यावर मात्र केवळ बेरीज दिसते, त्यामुळे आपले मत गुप्त आहे असाच समज होतो. आपल्याकडे आडनावासह खरे नाव लावून खाते उघडणारे पुष्कळ आहेत. तालुक्याच्या एखाद्या शिक्षिकेने स्थानिक पुढाऱ्याची भलामण करणाऱ्या पोस्टला प्रतिकूल मत दिले आणि ते त्या पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याने चालवलेल्या सर्व्हरवर पोहोचले, तर तिच्यावर काय प्रसंग ओढवेल, हे सांगायला नको.

खोटी खाती उघडून मतांचा पाऊस पाडणाऱ्यांना पकडायचे तर नावे दिसायलाच हवीत, असे यावर सांगितले जाते. ही अडचण खरी आहे. परंतु त्यासाठी एका खात्याची सर्व मते एकाच खुणेखाली दिसणे पुरेसे असते, खऱ्या खात्याचे नाव प्रत्येक सर्व्हरला कळण्याची गरज नसते. पायफेड या लेमीसारख्याच आणखी एका सॉफ्टवेअरने नेमका हाच मार्ग धरून मत वेगळ्या टोपणखात्याच्या नावाने बाहेर पाठवण्याची सोय करून पाहिली आहे. त्यात गैरप्रकार आढळल्यास त्या टोपणखात्यावर बंदी घालता येते आणि माणूस मात्र झाकलेला राहतो. लेमीवरच्या बीहॉ या सर्व्हरने प्रतिकूल मतच बंद ठेवले आहे. लहान, परस्परांना ओळखणाऱ्या समूहाला ते शोभते. पण त्यामुळे एकाच पोस्टच्या मतांची बेरीज दोन सर्व्हरवर वेगवेगळी दिसते, आणि चुकीची माहिती खाली ढकलण्याचे वाचकाच्या हातातले साधनही जाते. सर्वत्र तोच नियम असावा, असे मला वाटत नाही.

ज्याच्या हाती दुसऱ्याचे लिखाण काढण्याचा अधिकार आहे, त्याने किमान एका कायम टोपणनावाने तरी उत्तरदायी असावे, आणि जो केवळ मत देतो त्याचे नाव त्याच्या स्वतःच्या सर्व्हरबाहेर जाऊ नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. सॉफ्टवेअर बदलायला वेळ लागेल, हे मान्य. तोवर मराठी भाषकांसाठी असे सर्व्हर चालवणाऱ्यांनी ‘आपण दिलेले मत नावासह इतर सर्व्हरच्या चालकांना दिसू शकते’ एवढे वाक्य नोंदणीच्या पानावर ठळक मराठीत छापावे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आपला,
एक वाचक, नाशिक