डॉमिनंट म्हणजे जिंकणारा नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला निळ्या डोळ्यांवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. निळ्या डोळ्यांचा जीन रिसेसिव (दबून राहणारा), तपकिरी डोळ्यांचा डॉमिनंट (वरचढ दिसणारा), म्हणून काही पिढ्यांत निळे डोळे जगातून संपणार असं त्यात ठोकून दिलंय. ही चूक आहे, आणि नवीनसुद्धा नाही, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिचा निकाल लागलाय, तोही गंमत म्हणजे संपादकांना लिहिलेल्या एका पत्रात!

झालं असं की बोटं आखूड असण्याचा एक डॉमिनंट जीन आहे, मग तो सगळीकडे पसरून चारात तीन माणसांची बोटं आखूड का होत नाहीत असा प्रश्न तेव्हा निघाला होता. जेनेटिक्सवाल्या पनेटला याचं नीट उत्तर देता येईना, म्हणून त्याने तो आपला क्रिकेटमधला दोस्त हार्डीपुढे टाकला. हार्डी म्हणजे रामानुजनला केंब्रिजला बोलावणारा तोच गणिती. त्याने 1908 साली 'सायन्स' या नियतकालिकाच्या संपादकांना छोटंसं पत्र लिहिलं, गणित अगदी शाळेतलं, जीन डॉमिनंट असला म्हणून पिढ्यानपिढ्या त्याचं प्रमाण आपोआप वाढत नाही हे दाखवलं, आणि विषय संपवला. त्याच वर्षी वाइनबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरनेही हेच मांडलं होतं पण त्या बिचाऱ्याकडे कितीतरी वर्षं कुणाचं लक्षच गेलं नाही.

सगळा घोळ डॉमिनंट या शब्दाने होतो. आईबापाकडे प्रत्येक जीनच्या दोन-दोन प्रती असतात, त्यातली कुठली मुलाला जाणार हे नाणं उडवल्यासारखं ठरतं, त्यात डॉमिनंटला काही जास्त चान्स नसतो. दोन वेगवेगळ्या प्रती एकत्र आल्या तर दिसणार कोण, एवढंच काय ते डॉमिनंटपण; रिसेसिव दिसायला दोन्ही प्रती त्याच्याच लागतात. पत्ते कितीही पिसा, एक्के चारच राहतात की! आणि दिसत नाही म्हणजे नाही असंही नसतं. समजा एखादा रिसेसिव आजार 10,000 मुलांत एकाला होतो, तर तो जीन शंभरात एक या प्रमाणात आहे आणि जवळजवळ दर 50 माणसांमागे एकजण तो घेऊन हिंडतोय, त्याला स्वतःला पत्ता नाही. म्हणूनच असे आजार 'रुग्णांना मुलं होऊ देऊ नका' म्हणून संपत नसतात, कारण बहुतेक प्रती निरोगी माणसांतच लपलेल्या असतात.

आता कुणी म्हणेल मग काहीच बदलत नाही का. बदलतं ना, नैसर्गिक निवड आहे, म्युटेशन (जीनमध्येच होणारा बदल) आहे, स्थलांतर आहे, पण पेपरात कायम एकटी निवडच येते, 'जो लायक तो टिकेल' वगैरे (हे शब्दही मूळचे डार्विनचे नाहीत, स्पेन्सरचे आहेत, डार्विनने नंतर उचलले). नशिबाबद्दल कुणी बोलतच नाही. त्याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. ब्युरी नावाच्या संशोधकाचा 1956 चा प्रयोग मला फार आवडतो, तोही डोळ्यांच्या रंगाचाच. फळमाश्यांचे 107 गट, प्रत्येक गटात दर पिढीला फक्त 8 नर आणि 8 माद्या, सुरुवातीला सगळीकडे दोन जीन निम्मे-निम्मे. 19 पिढ्यांनी बघितलं तर 30 गटांतून एक जीन साफ गायब आणि 28 गटांत तोच एकटा उरलेला. कोण लायक, कोण नालायक? कुणीच नाही, गट छोटा होता म्हणून आकडे घसरत गेले एवढंच.

उत्तरेकडच्या एलिफंट सील या समुद्री प्राण्याचं तर खरोखरच असं झालं. तेलासाठी माणसाने एकोणिसाव्या शतकात इतके मारले की फार तर शंभरेक उरले असतील. आज ते लाखाच्या वर आहेत, पण 1974 साली रक्त तपासलं तेव्हा पाहिलेल्या जीनच्या 24 जागांपैकी एकाही जागी त्यांच्यात फरक सापडला नाही. संख्या परत आली, पण हरवलेली विविधता अशी पटकन परत येत नाही.

आता परत निळ्या डोळ्यांकडे. डोळ्यांचा रंग खरं म्हणजे एका जीनवर ठरतच नाही, पण क्षणभर तसं धरू. सारख्याच आकाराचे दोन समाज घ्या, एकात निळा जीन 80 टक्के, दुसऱ्यात शून्य. वेगळे राहिले तर पहिल्यात 80 टक्क्यांचे 80 टक्के, म्हणजे 64 टक्के लोकांकडे दोन्ही प्रती निळ्या, दुसऱ्यात कुणाकडेच नाहीत, म्हणून दोन्ही मिळून 32 टक्के लोक निळ्या डोळ्यांचे. पुढे ते एकमेकांत पूर्ण मिसळले, लग्नं झाली, तर दिसतील 16 टक्केच. म्हणजे निळे डोळे निम्मे झाले, आणि जीन? आधी 40 टक्के होता, नंतरही 40 टक्केच! लेखकाने 'कमी दिसतायत' असं कुठेतरी वाचलं असेल आणि त्याचं 'संपणार' करून टाकलं असेल, असा माझा अंदाज.

तेव्हा पुढच्या रविवारी जमल्यास चौकटीत का होईना दुरुस्ती छापा, आणि माझं पत्र लांबलंय तर पाहिजे तर सील काढा, पण माश्या तेवढ्या ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक