वार पडायची वाट बघू नका, असं सांगणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभाला मला यायचं होतं. शाल-नारळ आणून ठेवला होता. पण त्याच दिवशी पहाटे आमची गाय चंद्री कळा द्यायला लागली आणि तिला तशी सोडून येणं मला जमलं नाही. म्हणून जे त्या दिवशी चार माणसांत बोलायचं होतं, ते इथं सगळ्यांसमोर लिहितेय. सांगोला तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आज सात गाई आहेत. त्या तुमच्यामुळे टिकल्या.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते मेलेल्या वासरासाठी. २०१९ साल होतं. मी लग्न होऊन नवी आलेली, हे पुण्याला कंपनीत, आणि गोठा माझ्यावर. पहिली गाय रात्री व्यायली. कालवड झाली, पांढऱ्या टिळ्याची. आत्याबाई म्हणाल्या, वार (वासरामागून गाईच्या पोटातून पडते ती) पडल्याशिवाय चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दाट दूध, काढायचा नाही, काढला तर वार अडकते. त्यांच्या सासूनं त्यांना तेच सांगितलेलं. वार पडली दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर कालवड हंबरून हंबरून गप्प झाली होती. सहाव्या दिवशी पांढरी हगवण लागली आणि आठव्या दिवशी ती गेली.

तुम्ही आत्याबाईंना एका शब्दानं बोलला नाहीत, हे मी कधीच विसरणार नाही. ओट्यावर बसलात, पाणी प्यायलात आणि त्यांनाच विचारलंत, "आत्या, बाळंतिणीचं दूध बाळाला किती वेळानं पाजता?" मग समजावून सांगितलंत. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच थोडीफार प्रतिकारशक्ती मिळते. गाईच्या वारेची ठेवणच अशी, की वासराला पोटात असताना ती मिळत नाही. ती सगळी चिकातून यायची. वासराच्या आतड्याची दारं जन्मल्या जन्मल्या उघडी असतात, तासातासानं मिटत जातात आणि २४ तासांनी बंद होतात. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी पोट भरेल, पण रोगाशी लढायचं बळ रक्तात उतरणार नाही. आणि वासरू कासेला लागलं की गाईच्या अंगात जो पान्हा सुटतो, त्यानंच गर्भाशय आवळतं. म्हणजे चीक पाजल्यानं वार अडकत नाही, उलट पडायला मदतच होते.

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आजवर आम्ही पोरांच्या तोंडातलं काढून घेत होतो." पुढच्या वेताला त्यांनीच कंदील धरला. पहिल्या अर्ध्या तासात चीक पाजला. २८ किलोचं वासरू, म्हणजे वजनाच्या दहा टक्क्यांनी दिवसाभरात पावणेतीन-तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. नाळ पोटापासून दोन इंचांवर बांधून कापली, टिंचर आयोडीन लावलं. तेव्हापासून आमच्या गोठ्यात हगवणीनं एकही वासरू गेलेलं नाही.

दुसरी आठवण कपिलीची. तिसरं वेत, दुधाला दांडगी. व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बसलेली, मान वळवून कुशीवर टाकलेली, कान बर्फासारखे गार. शेजारचे म्हणाले बाहेरचं लागलं, लिंबू उतरवा. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "व्यायली कधी आणि कान गार आहेत का?" आणि वीस मिनिटांत गाडी दारात.

नाव दुग्धज्वर, पण अंगात ताप नाही, अंग गार. कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली तुम्ही आधी कोमट पाण्यात ठेवायला लावलीत. सुई शिरेत गेली आणि बाटली माझ्या हातात दिलीत. "ताई, वर नेऊ नको. घाई केली तर हृदय थांबतं." एक हात नळीवर, कानाला स्टेथोस्कोप, नजर गाईवर. माझा खांदा भरून आला, पण मी हलले नाही. अर्धी बाटली संपली आणि कपिलीच्या मांडीचं कातडं थरथरायला लागलं. मग ढेकर दिली. मग शेण टाकलं. बाटली संपून थोडा वेळ गेला आणि ती पुढचे गुडघे टेकून उठली. उठून उभी राहिली आणि वासराकडं बघून हंबरली. मामंजींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तर रडलेच.

तुम्ही तेवढ्यावर निघून गेला असतात तरी आम्ही जन्मभर नाव घेतलं असतं. पण तुम्ही थांबलात. कास एकदम दूध ओढायला लागते, रक्तातलं कॅल्शियम झपाट्यानं उतरतं, हाडांतून ते सुटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात स्नायूंचं बळ जातं, हे सांगितलंत. भाकडकाळात, म्हणजे व्यायच्या आधी गाय आटवलेली असते तेव्हा, कॅल्शियमच्या बाटल्या पाजायची आमची हौस चुकीची होती, हेही तेव्हाच कळलं. त्या काळात बाहेरून भरपूर मिळत राहिलं, की हाडं स्वतःहून द्यायची सवय सोडतात. मी पैसे खर्चून गाईचं नुकसान करत होते, आणि हे सांगताना तुमच्या आवाजात राग नव्हता.

पोट समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लग्नातला उरलेला भात बादलीभर घातला आणि गाय रवंथ करायची थांबली, शेण पातळ आणि आंबूस झालं, तेव्हा तुम्ही खाण्याचा सोडा दिलात आणि माझी मूठ गाईच्या डाव्या भकाळीवर, बरगड्यांमागच्या खळग्यावर, दाबून ठेवलीत. "मोज." दोन मिनिटांत एकदाही हललं नाही. मग शेजारच्या धडधाकट गाईला तशीच मूठ लावली. आतून लाट यावी तशी मूठ वर उचलली गेली, दोन मिनिटांत तीनदा. कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट ही चार नावं मी शाळेत पाठ केली होती, पण पोट हाताला लागलं ते त्या दिवशी. "तू गाईला खायला घालत नाहीस, कोटीपोटातल्या जंतूंना घालतेस. त्यांचं खाणं एका दिवसात बदललं की ते मरतात, मग गाय आजारी." आता नवा चारा, नवी पेंड, काहीही असो, मी आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत नेते. आणि गाय निवांत बसून रवंथ करत असली की मला झोप लागते.

टेपचा हिशोबही तुमचाच. वजनकाटा कुठून आणायचा म्हणत होते, तर तुम्ही शिंप्याची टेप आणायला लावलीत. छातीचा घेर इंचात, त्याला त्यानंच गुणायचं, मग खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीनं गुणून ६६० नं भागायचं. कपिलीचा घेर ६६, लांबी ५८, म्हणजे वजन साधारण ३८३ किलो. त्याच्या तीन टक्के, म्हणजे साडेअकरा किलो चारा तिला दिवसाला लागतो, तोही त्यातलं पाणी वगळून, कोरड्या वजनानं. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं, हे तेव्हा उमगलं. नुसत्या हिरव्या मक्याच्या पेंढ्या टाकून गाय का खंगते, याचं उत्तर मिळालं. आणि पाणी! एका लिटर दुधामागं चार-पाच लिटर. पाण्याची कुंडी दिवसरात्र भरलेली ठेवायला लागलो तेव्हा दूध वाढलं, तेही पेंड न वाढवता.

माज, २१ दिवसांचा फेरा, सकाळी काचेसारखा सोट (माजावरच्या गाईचा चिकट स्राव) दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, हे सगळं कॅलेंडरवर लिहायची सवय तुम्ही लावलीत. आधी मी "परवा की तेरवा" असं सांगायचे.

२०२२ च्या लम्पीबद्दल, जनावरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या त्या साथीबद्दल, लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत तुम्ही वस्त्या-वस्त्यांवर फिरत होतात. लोक दुधाला घाबरले होते. आमच्याकडं एका गाईच्या अंगावर गाठी आल्या, तर शेजाऱ्यांनी दूध घ्यायचं बंद केलं. तुम्ही आमच्या अंगणात खाट टाकून बसलात, लम्पी माणसाला होत नाही असं चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलंत, आणि आमच्याच उकळलेल्या दुधाचा चहा दोन कप प्यायलात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची किटली परत आली.

आता गौरी गाभण आहे. १२ फेब्रुवारीला भरवली, २८० दिवसांनी १९ नोव्हेंबर येतो. सप्टेंबरात आटवली. आयोडीन, धुतलेली पोती, निपलची बाटली, सगळं कोनाड्यात मांडून ठेवलंय. आत्याबाई रोज संध्याकाळी कासेला हात लावून बघतात.

ती व्यायली की तुम्हाला आणि वहिनींना खरवसाला यायचंय. पहिल्या दिवशीचा चीक मात्र मागू नका, तो वासराचा. तिसऱ्या दिवशी या.

आपली,
वस्तीवरची ताई