काळे पडते ते पाणी नव्हे, सळई झिजते

संपादक महोदय, स. न.

दारावर येणाऱ्या आरओ जलशुद्धीकरण यंत्रांच्या विक्रेत्यांचा एक प्रयोग आता गावोगाव पोचला आहे. ओट्यावर दोन ग्लास मांडतात. एकात घरच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. प्रत्येक ग्लासात एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची सळई उतरेल असे चार सळयांचे झाकण वर ठेवतात आणि पिन सॉकेटमध्ये घालतात. मिनिटभरात नळाचे पाणी आधी हिरवट, मग तपकिरी, शेवटी काळपट होते, वर फेस धरतो. यंत्राचे पाणी मात्र जसेच्या तसे. "बघा काकू, हे तुम्ही रोज पिता!" एवढ्यावर हजारोंचा व्यवहार ठरून जातो.

तो गाळ पाण्यातला नसतोच. विजेच्या धन टोकाला जोडलेल्या सळईतले लोखंड दोन-दोन इलेक्ट्रॉन सोडून आयनरूपात, म्हणजे प्रभार असलेल्या कणांच्या रूपात, पाण्यात उतरते. ऋण टोकाशी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजनचे बुडबुडे आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. दोघांची गाठ पडली की हिरवट फेरस हायड्रॉक्साइड, आणि त्याला हवेतला ऑक्सिजन मिळाला की तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड, म्हणजे जवळपास गंजच. हिशेब करून पाहा. पाव अँपिअर प्रवाह एक मिनिट वाहिला तर फॅरेडेच्या नियमाने सुमारे ४.३ मिलिग्रॅम लोखंड सळईतून सुटते. २०० मिलिलिटरच्या ग्लासात ते लिटरमागे २१ मिलिग्रॅमच्या वर जाते. नळाला खरोखर एवढे लोह असते तर पाण्याचा पहिला घोटही तोंडात धरवला नसता.

मग दुसरा ग्लास स्वच्छ का राहतो? कारण त्यातून वीज जवळपास वाहतच नाही. पाण्यातून वीज वाहून नेण्याचे काम आयन करतात. फॅरेडेने १८३४ मध्ये रूढ केलेल्या या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच 'जाणारा' असा आहे. आरओचा पडदा पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड हे बहुतेक आयन काढून टाकतो. वाहक नाहीत म्हणून प्रवाह नाही, प्रवाह नाही म्हणून सळई झिजत नाही. पाणी पिण्यास योग्य की अयोग्य, याच्याशी त्या रंगाचा काडीचा संबंध नाही.

विक्रेता घरात असतानाच हे पडताळता येते. त्याला सांगावे, यंत्राच्या पाण्याचे दोन ग्लास भर; एकात चिमूटभर मीठ टाकू, दुसऱ्यात दोन चमचे साखर. मिठाचा ग्लास नळाच्या पाण्यापेक्षाही लवकर आणि जास्त घाण दिसेल. साखरेचा ग्लास नितळ राहील, फक्त चमचा आधी त्याच यंत्राच्या पाण्याने विसळलेला हवा, नाहीतर नळाच्या पाण्याचे थेंबही गडबड करतात. मीठ तर आपण रोज आमटीत घालतो, ते काही विष नव्हे.

हा फरक बंधाचा आहे. मिठाच्या खड्यात सोडियम क्लोराइडचे सुटे रेणू नसतात. धनप्रभारित सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी ती रचना सगळीकडे पसरलेली असते. पाण्यात पडल्यावर आयन 'तयार' होत नाहीत, असलेलेच मोकळे होतात. (उत्तरपत्रिकांत ही चूक हमखास सापडते.) साखरेचे तसे नाही. तिच्या रेणूतले ४५ अणू सहसंयुज बंधांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने बांधलेले असतात आणि विरघळताना रेणू अख्खाच्या अख्खा पाण्यात जातो. त्याच्यावर निव्वळ प्रभार नसतो, मग तो वीज काय वाहून नेणार?

ज्यांना हे शाळेत किंवा घरी दाखवायचे आहे त्यांनी विक्रेत्याच्या उपकरणाची नक्कल करू नये. २३० व्होल्ट आणि पाण्याचा ग्लास, शेजारी लहान मूल, हा खेळ जिवावर बेतू शकतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरते. १०० मिलिलिटर नळाच्या पाण्यात साधे लोखंडी खिळे दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर उभे करून बॅटरीला जोडावेत. दहा-पंधरा मिनिटांत धन बाजूच्या खिळ्याभोवती हिरवट-तपकिरी ढग दिसतो, मीठ टाकल्यास बराच आधी. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले निघाले तर गाळ पांढरा येतो आणि मुले गोंधळतात. स्टेनलेस स्टीलचे चमचे मुळीच वापरू नयेत. त्यातून क्रोमियम पाण्यात उतरते. खिळे एकमेकांना टेकले तर बॅटरी तापते आणि पाण्यात काहीच घडत नाही. त्यानंतर खिळ्यांच्या जागी दोन्ही टोके तासलेल्या पेन्सिली लावाव्यात, पाणी त्याच नळाचे पण ताजे, बिनमिठाचे घ्यावे. बुडबुडे येतात, म्हणजे प्रवाह वाहतो आहे, पण तपकिरी गाळ येत नाही. रंग लोखंडाचा होता हे मुलांना न सांगता कळते. पेन्सिली लावलेल्या ग्लासात मात्र मीठ टाकू नये, क्लोरिन वायू सुटतो.

आता विक्रेत्याच्या खिशातून निघणाऱ्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरबद्दल. हा मीटर दोन पिनांमधली विद्युतवाहकता मोजतो, तिला साधारण ०.५ ते ०.७ या दरम्यानच्या ठरावीक आकड्याने गुणतो आणि लिटरमागे इतके मिलिग्रॅम क्षार, असे दाखवतो. जंतू त्याला दिसत नाहीत. साखर, युरिया, बहुतेक कीटकनाशके यांच्या रेणूंवर प्रभार नसल्याने तीही दिसत नाहीत. जे आयन दिसतात त्यांची तो फक्त बेरीज करतो. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या बोअरच्या पाण्यात खरा प्रश्न फ्लोराइडचा आहे आणि त्याची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. ४०० आकडा दाखवणाऱ्या पाण्यात फ्लोराइड १ आहे की ३, हे त्या मीटरवरून कधीच कळणार नाही. आर्सेनिकची मर्यादा तर ०.०१ मिलिग्रॅम, आणि मीटरची सर्वांत लहान पायरीच १ ची.

भारतीय मानकानुसार टीडीएस ५०० पर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. धरणाचे, पालिकेने क्लोरिन घातलेले पाणी ५०० च्या आत असेल तर ते गाळून उकळणे किंवा साधे यूव्ही (अतिनील किरणांचे) यंत्र पुरते. तिथे आरओ बसवून एक लिटर पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले, ते उगाच नाही. बोअरचे पाणी जड असेल, फ्लोराइड, नायट्रेट जास्त असेल तर आरओ जरूर घ्यावा. पण तपासणी अहवाल हातात आल्यावर.

तपासणी अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये दोन लिटर पाणी न्यावे. बोअर आधी पाच मिनिटे चालू ठेवावी आणि कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळावा. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, तोंडाच्या आत बोट लावू नये आणि नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवावा. ग्रामपंचायतींकडे असते ती एचटूएस बाटली प्राथमिक चाचणीला चांगली. खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायचे. ते काळे पडले तर मात्र खरोखर घाबरावे, कारण तो काळा रंग जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे येतो आणि त्या बाटलीत सळई नसते.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक