कंप्रेसरवाल्या काकांना

काका, नमस्कार.
फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "अगं राहू दे, काम काय आहे ते बोल" म्हणता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

अलिराजपूरच्या पुढे, गुजरात बॉर्डरच्या बाजूला, इंदूरहून धार-कुक्षी करत गेलं तर अर्धा दिवस गाडीतच जातो, तिथे आमचा पहिला डेंटल कॅम्प झाला तेव्हा आम्ही चौघं डेंटिस्ट आणि एक उधार आणलेलं पोर्टेबल युनिट एवढंच होतं. साडेअकराला त्याला दाबाची हवा पुरवणारा कंप्रेसर बंद पडला. बाहेर ओट्यावर माणसं बसलेली, एक आजी सुजलेला गाल फडक्याने बांधून डोंगर उतरून चालत आलेली. तिचा दात काढता आला, पण ज्यांचे दात भरून वाचले असते त्यांना गोळ्या देऊन परत पाठवावं लागलं, कारण एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, हवेवर चालतो आणि हवाच नव्हती. आणि परत पाठवलं म्हणजे पुढच्या आठवड्यात या असं तिथे नसतं हो, दिवाळीनंतर अख्खी घरंच्या घरं मजुरीला गुजरातला जातात ती भगोरियाच्या मेळ्याला, होळीच्या तोंडावर परत येतात, तोवर छोटी कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली असते. येताना गाडीत कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी तुमचा नंबर दिला आणि मी ते धूड घेऊन इंदूरला रामबागेत तुमच्या घरामागच्या शेडमध्ये आले. मला वाटलं तुम्ही मोटर उघडाल. तुम्ही आधी विचारलंत, "एअरोटरला पाणी कुठलं घालता?" मी म्हटलं हँडपंपाचं. तुम्ही काही न बोलता एअरोटरचं डोकं भिंगाखाली धरून मला दाखवलंत, पाण्याची बारीक भोकं क्षाराने पांढरी होऊन बंद झालेली. मग टाकीचा खालचा कॉक उघडलात तर त्यातून गंजकं पाणी आलं. कॉलेजात आम्हाला दात शिकवतात, कंप्रेसर रोज संध्याकाळी ड्रेन करायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं. व्होल्टेज पडतं म्हणून स्टॅबिलायझर, हवेतल्या ओलाव्यासाठी फिल्टर, डिस्टिल्ड पाण्याची वेगळी बाटली, हे सगळं तुम्ही बसवून दिलंत आणि मजुरीचं नाव काढू दिलं नाहीत.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता बोललात: "आणि लाइटच नसली तर काय करणार?" त्या रात्री मी जुनी पुस्तकं काढली. एआरटी नावाची पद्धत आहे, ८० च्या दशकात टांझानियात वीज नसलेल्या गावांसाठीच सुरू झाली, आम्ही ती परीक्षेपुरती वाचलेली. हाताच्या बारीक चमच्यासारख्या अवजाराने मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून भरायचं, ते दाताला स्वतः चिकटतं, बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही. हेच सिमेंट २०२१ मध्ये डब्ल्यूएचओच्या आवश्यक औषधांच्या यादीत आलंय. आज आमच्याकडे लहान मुलांची बहुतेक फिलिंगं अशीच होतात, मशीनचा आवाज नाही त्यामुळे पोरं रडत पण नाहीत.

तुमच्या त्या पाण्याच्या प्रश्नाने अजून एक झालं. आम्ही हँडपंपाचं पाणी तपासायला दिलं. झाबुआ-धार पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा, आमच्या एका पंपाचं त्याच्या वर निघालं. आठ-दहा वर्षांच्या मुली हसताना तोंडावर हात का धरतात ते मग कळलं. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच हे तपकिरी डाग बसतात, नंतर घासून जात नाहीत, पुढच्या मुलांना ते होऊ नयेत म्हणून उपाय दुसरं पाणी हाच. आता शाळेला दुसऱ्या पंपाचं पाणी जातं. ते आपण होऊन आमच्या डोक्यात आलं नसतं.

आणि तो तिथलाच पोरगा, आयटीआय केलेला. त्याला तुम्ही आठ दिवस स्वतःच्या घरी ठेवून घेतलंत, काकूंनी दोन्ही वेळा जेवू घातलं, आणि तुम्ही त्याच्याकडून तो कंप्रेसर चार वेळा खोलून जोडून घेतलात. आज महिन्यातल्या ठरलेल्या हाटाच्या, म्हणजे बाजाराच्या दिवशी आम्ही पोचायच्या आधीच त्याची खोली तयार असते. अवजारं निर्जंतुक करायचा कुकरसारखा ऑटोक्लेव्ह गॅसवर, आधी आतली हवा पूर्ण निघू द्यायची, मग व्हॉल्व्ह बंद, आणि घड्याळ १२१ डिग्री धरल्यावर लावायचं, गॅस पेटवल्यापासून नाही, हे तो आता आमच्या नवीन इंटर्नना ऐकवतो, तुमच्याच आवाजात. शिवाय तिथल्या भिलाली बोलीत तो आज्यांना जे समजावतो ते आमच्या हिंदीला कधी जमलं नसतं. मागच्या महिन्यात एक बाई नुसती ठणक लागली म्हणून आली, सूज यायच्या आधी. का आली विचारलं तर म्हणे, याने हाटात सांगितलं. काका, मला त्या क्षणी तुम्ही तिथे हवे होता असं इतकं वाटलं.

बरं, एक काम आहे. ऑटोक्लेव्हचं गॅस्केट कडक झालंय, वाफ बाजूने निघते. पोराला या वेळी ते स्वतः बदलायचंय, तुम्ही फक्त साइज सांगा असा निरोप आहे. त्याने झाकण कागदावर ठेवून पेन्सिलीने माप काढून दिलंय, तो कागद घेऊन रविवारी सकाळी येते. काकूंना सांगा, पोहे माझ्याकडून, छप्पन दुकानवरून आणते.

तुमची,
दातांची डॉक्टर