कॅरियरवर काय काय असतं

पुणे, 26 जानेवारी 2025

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी लकडी पुलावर एक पाय कठड्याला टेकवून सायकलवर बसलो होतो आणि डोळ्याला कॅमेरा लावलेला होता, म्हणून उचलला नाही. मग तुझा मेसेज आला, "नुसते फोटो काय टाकतोस लेका, चार ओळी लिही की." तेव्हा घे. सोबत सात प्रिंट आहेत, मागे पेन्सिलीने आकडे घातलेत. आकड्यांच्या क्रमाने बघू नकोस, त्यांना काही अर्थ नाही. लॅबमधून ज्या क्रमाने हातात आले तसे घातले.

याची सुरुवात काही उदात्त नव्हती. गेल्या वर्षी स्कूटर सर्व्हिसिंगला टाकली आणि "उद्या देतो" म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याने ती अकराव्या दिवशी दिली. तेवढे दिवस मी पार्किंगच्या कोपऱ्यात कोळिष्टकांत पडलेली जुनी सायकल काढली, दोन्ही ट्यूब बदलल्या, मागच्या चाकाचा आउट काढून घेतला आणि कोथरूडहून शनिवार पेठेतल्या ऑफिसला जायला लागलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, ज्या रस्त्याने मी चौदा वर्षं जातोय त्यावर गरवारे कॉलेजच्या अलीकडे एक माणूस रोज सकाळी फूटपाथवर शिलाई मशीन मांडून बसतो. चौदा वर्षांत तो मला एकदाही दिसला नव्हता. स्कूटरवरून जाताना "अरे, इथे काहीतरी होतं" असं वाटेपर्यंत मागचा पीएमटीवाला हॉर्न मारून आपल्याला पुढच्या सिग्नलला नेऊन सोडतो. सायकलला मात्र पाय टेकला की गाडी पार्क झाली.

आणखी एक गंमत सांगतो. पायी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात : "काय हो, कशाचे फोटो काढताय? महानगरपालिकेचे का?" सायकलवाल्याकडे कुणी बघतच नाही. सिग्नलला बघत नाहीत, वळताना बघत नाहीत, दार उघडताना तर नाहीच नाही (डाव्या कोपराची खूण अजून आहे). पण फोटो काढायला याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही.

कॅमेरा बाबांचाच आहे, तुला आठवत असेल, यॅशिका इलेक्ट्रो 35. आपण सहावीत असताना त्यातला रोल मागचं झाकण उघडून 'बघितला' होता आणि बाबांच्या ऑफिसच्या सहलीचा निकाल लावला होता, तोच. त्याला पाऱ्याची 5.6 व्होल्टची बॅटरी लागते आणि ती आता मिळत नाही. मी 6 व्होल्टची छोटी बॅटरी घालून उरलेल्या जागेत बॉलपेनमधली स्प्रिंग बसवलीय. चालतंय. बटण अर्धं दाबलं की वरती पिवळा दिवा लागतो, म्हणजे शटर हळू पडणार, श्वास धरा. लाल लागला तर उजेड जास्त. पेठांमधल्या सकाळी पिवळाच लागतो. रोल, धुलाई, स्कॅन आणि प्रिंट मिळून हजाराच्या पुढे जातात, म्हणून महिन्याला एक रोल असा नियम घातलाय. छत्तीस फोटो. मोबाइलवर छत्तीस फोटो आपण एका मिसळीचे काढतो.

पहिल्या दोन रोलमध्ये मी सगळ्या पुण्याने आधीच काढलेले फोटो काढले. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, पर्वतीवरून धुकं, मंडईचा मनोरा. मंडईची इमारत 1886 सालची, अष्टकोनी, देखणीच आहे, पण तिच्यासमोर उभा राहून मी जे काढलं ते कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या पानाला चाललं असतं. त्यातला एकच प्रिंट पाठवलाय, 1 नंबरचा, आणि तोही कोपऱ्यात चुकून आलेल्या सायकलसाठी. नीट बघ. कॅरियरवर मेथीच्या जुड्या आडव्या रचल्यात, वर ओलं पोतं, त्याच्यावर सुंभाच्या दोन फेऱ्या आणि सगळ्यात वर एक झोपलेलं मांजर. मंदिराच्या कळसासारखं बसवलंय. काढताना मला ते दिसलंच नव्हतं, प्रिंट हातात आल्यावर दिसलं.

तिथून मी मनोरे सोडले आणि कॅरियर धरले. पुण्यात आता सायकल चालवणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक हेल्मेट-चष्मावाले, रविवारी पहाटे सिंहगड रस्त्याने जाणारे, ज्यांच्या सायकलला कॅरियरच नसतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, माझा मेव्हणा त्यातलाच आहे. दुसरे ज्यांच्या सायकलला कॅरियर सोडून धड काहीच नसतं. ब्रेकचं रबर झिजलेलं, मडगार्डला तार, घंटी तोंडाने. पाववाला, पेपरवाली पोरं, रात्रपाळी संपवून उपरण्याने कान बांधून घरी निघालेला वॉचमन, इडलीचं पातेलं बांधून "पोंऽऽ पोंऽऽ" करत फिरणारा. 'सायकलींचं शहर' म्हणून आपण ज्या पुण्याच्या आठवणी काढतो, ते गेलं असं सगळे म्हणतात. गेले ते आपण, बँकेत आणि कॉलेजात सायकलने जाणारे. हे लोक तिथेच आहेत. सकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात बाहेर पडलं की दिसतात, नंतर गर्दीत विरघळतात.

जानेवारीत इथे सूर्य सातनंतरच उगवतो, त्यामुळे उजेड आणि माणसं यांची गाठ जेमतेम अर्धा तास पडते. लक्ष्मी रस्त्याची दुकानं बंद असतात, शटरवर ऊन तिरकं येतं आणि एरवी साड्यांच्या पाट्यांत हरवणारा तो रस्ता चक्क रुंद वाटतो. 5 नंबर तिथला आहे. ती दुधाच्या पिशव्यांचे क्रेट घेऊन जाणारी बाई. मी कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत शटर सोडलं, म्हणजे ती स्थिर आणि मागची दुकानं वाहून गेलेली. बारा वेळा प्रयत्न केला तेव्हा हा एक आला. बाकी अकरांत दुकानं स्थिर आहेत आणि बाई वाहून गेलीय.

2 आणि 6 मध्ये विशेष काही नाही, तुझ्या आईला आवडतील म्हणून टाकले. 6 मध्ये तुमचा जुना वाडा होता ती जागा आहे, आता खाली मोबाइलची दुकानं आहेत.

3 नंबर तांबट आळीतला. तिथे कान आधी पोचतात, डोळे मागून. मठारकामाची ती ठकठक दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येते, पाचसहा हातोड्या, प्रत्येकाची लय वेगळी. फोटोत ती येत नाही याचं मला फार वाईट वाटलं. पण तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ कॅरियरवर तांब्याचा बंब बांधून बाहेर पडले. बंब! अंघोळीच्या पाण्याचा, लाकडं घालून तापवायचा, तोटीसकट. कल्हई केलेला, असा चकचकीत की त्यात अख्खी गल्ली, मी आणि माझी सायकल उलटीपालटी दिसतोय. विचारलं, "काका, घरी वापरता?" तर म्हणाले, "नाही हो, नातसुनेला हॉलमध्ये ठेवायचाय, शो म्हणून." आणि टांग मारून गेले.

आता 4. त्याच्यासाठीच खरं तर हे पत्र लिहितोय.

सदाशिव पेठेत एक धारवाला येतो. सायकल स्टँडवर लावतो, सीटवर बसून पेडल मारतो, मागच्या चाकावरून पट्टा दांडीवर बसवलेल्या सहाणेला जातो, चाक जागच्या जागी फिरतं आणि सुरीतून ठिणग्या उडतात. मी त्याला एका वाड्याच्या दिंडीदरवाजाच्या सावलीत गाठला. मागे काळोख, पुढे ठिणग्या, पिवळा दिवा लागलेला, म्हणून कोपर गुडघ्यावर रोवून घेतला. प्रिंट आला तेव्हा मी घरात नाचलो. दोन हात, एक सुरी आणि ठिणग्यांच्या सोनेरी रेघा, बस. चेहरा अंधारात. मला वाटलं, आता कळली आपल्याला फोटोग्राफी. ऑफिसात सगळ्यांना दाखवला. एकजण म्हणाला, "मोठा करून भिंतीवर लाव."

मग मनात आलं, एक प्रिंट त्यालाही द्यावा. पण फिरत्या माणसाला शोधणार कुठे? सात आठवडे प्रिंट बॅगेत घेऊन फिरलो. नारायण पेठेत कळलं, तो मंगळवारी येतो. मंगळवारी कळलं, आता गुरुवारी येतो. शेवटी एका रविवारी जुन्या बाजारात सापडला, स्वतःसाठी सेकंडहँड चेन बघत होता. मी मोठ्या अभिमानाने पाकीट काढलं. त्याने प्रिंट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, उलटा केला आणि विचारलं,

"यात मी कुठंय?"

मी म्हणालो, "हे काय, तुमचेच हात."

"हात माझेच कशावरून? आमच्या गावातनं अकराजण हेच काम करतेत."

बंड्या, मला उत्तर सुचलं नाही. कलात्मक, सूचक वगैरे जे काही तोंडावर येत होतं ते त्या माणसासमोर बोलायची लाज वाटली. तो काही रागावला नव्हता. "तुम्ही एवढं शोधत आलात," म्हणाला, "तर आता एक नीट काढा. गावाकडं पाठवतो." मग त्याने बाटलीतलं पाणी हाताला घेऊन केस बसवले, शर्टाचं वरचं बटण लावलं, सायकल उभी केली, सहाण माझ्याकडे वळवली, एक हात हँडलवर ठेवला आणि आपल्या शाळेतल्या ग्रुप फोटोत सर उभे राहायचे तसा उभा राहिला. ऊन थेट तोंडावर, मागे भंगाराचा ढीग. मी फोटोग्राफीवर जे काही वाचलंय त्यात जे करू नका म्हणून सांगितलंय ते सगळं त्यात होतं. श्वास सोडा म्हटलं तरी तो हसेना. मी एकच काढला.

हा 4 नंबर. ठिणग्यांचा मुद्दाम पाठवलेला नाही. भिंतीवर मी दोन्ही शेजारी लावले होते. महिन्याभराने ठिणग्यांचा काढला, त्याच्याकडे बघायचं राहतच नव्हतं. दुसऱ्यात मात्र अजून काहीतरी सापडतं. परवा दिसलं की सहाणेच्या लाकडावर त्याने खिळ्याने 'आई' कोरलंय.

तेव्हापासून आधी विचारतो. निम्मे लोक नाही म्हणतात. एका पेपरवाल्या पोराने "पहिले पन्नास रुपये द्या" म्हटलं, दिले, आणि त्याने डोळे मिटले. फोटोंची संख्या घटली, सरसकट पाठमोरे कॅरियर काढायचो ते बंद झालं. माझा मेव्हणा म्हणतो, त्यातली उत्स्फूर्तता गेली. गेली असेल.

पावसाचा एकही फोटो नाही, म्हणशील. जुलैत भिडे पूल पाण्याखाली गेला तेव्हा काठावर गेलो होतो, अख्खं गाव गेलं होतं. 25 जुलैला तर सिंहगड रस्त्याच्या बाजूला लोकांच्या घरांत पाणी शिरलं. आजी सगळ्या गोष्टी 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशा सांगायची, पानशेतचं धरण फुटलं तो 12 जुलै 1961 तिच्या बोटावर होता, त्याची आठवण झाली. त्या दिवशी एक माणूस खांद्यावर सायकल घेऊन गुडघाभर पाण्यातून येत होता. कॅमेरा वर केला आणि खाली घेतला. त्याचे हात गुंतलेले होते, विचारणार कसं?

खड्ड्यांनी कॅमेऱ्याचंही नुकसान केलंय. रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करायचा असतो. हँडलच्या पिशवीत हादरे बसून त्या सरकल्या आणि एक अख्खा रोल माणसांऐवजी त्यांच्या मागच्या भिंतीवर फोकस होऊन आला. भिंती मात्र फार सुरेख आल्यात. आता कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पाठीवर घेतो.

तू पाठवलेला, नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या स्टेशनखालचा सायकल तळ बघितला. साडेबारा हजार सायकली एका छताखाली! इथे सायकल ट्रॅकवर मला काल एक उसाचं गुऱ्हाळ, सात स्कूटर आणि वाळूचा ढीग लागला. पण खरं सांगू? तुझ्या त्या फोटोत सायकली इतक्या आणि एकाही कॅरियरला सुतळी नाही. तिकडे लोक सायकलवरून काय नेतात ते बघून सांग. आणि माणसासकट काढ, विचारून.

7 नंबर बघून दचकू नकोस. हो, तुझीच ती. दांडीवाली, 28 इंची, चेनकव्हरवर तू ब्लेडने कोरलेलं नाव अजून आहे. सोसायटीने नोटीस लावलीय की पार्किंगमधल्या बेवारस सायकली महिनाअखेर भंगारात जाणार. तुझी आणि माझी, दोघींवर खडूने फुली मारली होती. तुझी मी पुसली आणि गुरुवारी तिला कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. तो म्हणतो फ्रेम ठणठणीत आहे, टायर-ट्यूब, मागचा फ्रीव्हील आणि सीट बदलावं लागेल. डायनामो चालत नाही पण काढू नका असं मी सांगितलंय. कॅरियरचं एक वेल्डिंग सुटलंय. तुझी बहीण डबलसीट बसायची तेव्हापासून ते वाकडंच होतं. तो विचारतोय, जोडून देऊ की नवं टाकू? नव्याला स्प्रिंगचा चिमटा येत नाही म्हणे. मी शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलंय. लगेच कळव, आणि एप्रिलमध्ये येणार आहेस ते नक्की का, तेही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
डबलसीटवाला